ग्योझा, पोरं आणि मागची रांग

हा वाद माझ्या घरातला. एका बाजूला माझी बायको, दुसऱ्या बाजूला माझा धाकटा भाऊ; मी दोघांच्याही बाजूचा, म्हणजे कोणाच्याच कामाचा नाही. मुद्दा एवढाच की सहा आणि तीन वर्षांच्या पोरांना घेऊन जपानातल्या साध्या ग्योझाच्या दुकानात जेवायला जावं की जाऊ नये. आम्ही तोक्योच्या पूर्व टोकाला निशीकासाईत राहतो. इथे स्टेशनबाहेर कोणी मराठीतून पोराला दम भरला तरी मान वळवून बघावंसं वाटत नाही, इतकी आपली माणसं आहेत. भाऊ त्याच लायनीवर थोडा पुढे एकटा राहतो आणि त्याचं रात्रीचं जेवण बऱ्याचदा कुठल्यातरी काउंटरवर होतं. दोघं एकमेकांना ज्या हाका मारतात, तीच नावं मी इथे ठेवतो.

ज्यांनी ग्योझा खाल्लेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मैद्याची पातळ पारी, आत डुकराचा खिमा, कोबी, लसणाच्या वासाची निरा नावाची पात, आलं, लसूण, तिळाचं तेल. आकार करंजीचा, मुरड मात्र एकाच अंगाने घातलेली. तव्यावर तळ खरपूस करून वरचा भाग वाफेवर शिजवतात. एका बशीत बहुधा सहा. सोबत सोया सॉस, व्हिनेगर आणि रायू, म्हणजे मिरचीचं तेल, आपल्या आपण कालवून घ्यायचं.

वाद पेटला तो उत्सुनोमियाहून परतल्यावर. शिंकान्सेनने तोक्योहून जेमतेम तासाभरावरचं हे शहर ग्योझावर जगतं म्हटलं तरी चालेल. स्टेशनबाहेर ग्योझाच्या पारीत गुंडाळलेल्या व्हीनसचा दगडी पुतळा आहे. १९९४ सालचा, जवळच्या ओया भागातल्या दगडात घडवलेला. २००८ मध्ये जागा बदलताना तो पडून दुभंगला. सांधून पुन्हा उभा केला. आमच्या धाकटीने तो बघितला आणि तिला फक्त पारीच का, आत सारण का नाही, असं विचारलं. प्रश्न रास्त होता.

भाऊजी : वहिनी, मी पोरांच्या विरुद्ध नाही. मी रांगेच्या बाजूने आहे. दुकान केवढं, तर एक काउंटर आणि भिंतीला चिकटवलेली दोन टेबलं. बाहेर फुटपाथवर माणसं उभी. त्यातला निम्मा ऑफिसचा. त्याला जेवणाची सुट्टी तासाभराची, त्यातला बराच वेळ तो तुमच्या दाराकडे बघत उभा. आत तुम्ही काय करताय, तर तीन वर्षांच्या मुलीला ग्योझा फुंकून देताय.

वहिनी : मग काय करू? न फुंकता देऊ?

भाऊजी : फॅमिली रेस्टॉरंटमध्ये न्या. मुलांची खुर्ची आहे, मुलांचं ताट आहे, भाताच्या मुदीवर छोटा झेंडा आहे. ती जागा मुलांसाठीच केलेली आहे.

वहिनी : मुलांसाठी केलेली जागा म्हणजे मुलांना थांबवून ठेवायची जागा. ऑर्डर दिली की ताट यायला वेळ. तेवढ्यात चमचे वाजवून होतात, पाणी सांडून होतं, तीनदा बाथरूमला जाऊन होतं. मग त्यांच्या हातात रंगाचे खडू देतात, नाहीतर आपण फोन देतो. अहो, मुलं आवाजाने वैतागत नाहीत, गर्दीने वैतागत नाहीत. पोटात भूक आणि समोर रिकामं टेबल, याने वैतागतात. ग्योझाच्या दुकानात समोर रिकामं काही नसतंच. तवाच समोर असतो.

भाऊजी : तवा समोर असणं हे मला तरी धोक्याचं वाटतं.

वहिनी : काचेपलीकडे होता. आणि त्या काचेला नाक लावून ती उभी राहिली ती हललीच नाही. तुम्ही बघितलंत कुठे? तुम्ही मेनू पाठ करत होता.

मी बघितलं होतं, म्हणून इथे थोडं सांगतो. आचाऱ्याने लांबट लोखंडी तवा तेलाने पुसला. ग्योझा एकमेकांना खेटून ओळीने मांडले, सरळ रेषेत, जणू पट्टी लावून. मग तोटीच्या भांड्यातून गरम पाणी ओतलं आणि जाड झाकण दणकन टाकलं. झाकणाच्या कडेने वाफ निघायला लागली. तो वळला, दुसऱ्या तव्याकडे गेला, बशा पुसल्या, आमच्याकडे पाठ करून कोणाचे तरी पैसे घेतले. पाणी आहे तोवर तवा खदखदतो. पाणी आटत आलं की आवाज बारीक होतो, मग कोरडा, मग नुसती तडतड. तो पाठमोरा असतानाच त्याला तो आवाज कळत होता. आला, झाकण काढलं, थोडं तेल फिरवलं, आणि रुंद उलथन्याने सहाची अख्खी ओळ उचलून बशीत पालथी घातली. खरपूस बाजू वर. तिसऱ्या खेपेला तो वळायच्या आत धाकटी म्हणाली, "झाले."

वहिनी : तिला ते कोणी शिकवलं? झेंडा लावलेल्या भाताने?

भाऊजी : वहिनी, शिकण्याबद्दल माझा वाद नाही. दुसऱ्याच्या जेवणाच्या वेळेत शिकण्याबद्दल आहे. मागे एकदा आपल्याकडच्या एका दुकानात काय झालं ते आठवतंय? धाकटी स्टुलावर उभी राहिली. शेजारी सूटबूटवाला माणूस एकटा जेवत होता. तो काही म्हणाला नाही. बशी उचलली आणि दुसऱ्या हाताला ठेवली. बस्स. तुम्हाला ते दिसलं नसेल, पण या देशात माणूस एवढं करतो तेव्हा तो पुष्कळ बोललेला असतो.

वहिनी : दिसलं होतं. आणि तो उठला तेव्हा काय केलं ते तुम्हाला दिसलं नाही. तिचा एक बूट खाली पडला होता. त्याने वाकून तो उचलला आणि स्टुलाखाली नीट, टाच आत करून ठेवला. मग गेला.

दोघांनी बघितलेला माणूस एकच, आणि त्याने दोन्ही केलं. त्याच्या मनात काय होतं हे ओळखायला मी तिसरा माणूस बसलेला होतो, पण मला ते जमलं नाही. बशी सरकवणं आणि बूट लावणं यांत विरोध आहे असं मला अजूनही वाटत नाही.

भाऊजींचं दुकानांविषयीचं प्रेम हे मात्र खरं प्रेम आहे. उत्सुनोमियातलं मासाशी हे त्याचं आवडतं. तिथे भाजलेला ग्योझा आणि उकडलेला ग्योझा, एवढंच मिळतं. भात नाही, बिअर नाही.

भाऊजी : ते दुकान म्हणजे शिस्त आहे. जा, बसा, खा, निघा. भात नाही म्हणून कोणी रेंगाळत नाही, बिअर नाही म्हणून कोणी गप्पा ठोकत नाही. रांग भरभर सरकते. तिथे एका पोराने हट्ट धरला, तर सगळी साखळी अडते.

वहिनी : उलट सांगू? मुलांना न्यायला त्याहून सोपी जागा मला जपानात सापडलेली नाही. भाजलेला की उकडलेला, दोनच. ठरवायला काही नाही. "मला हे नको ते हवं" याला जागाच नाही. आणि पाणी भरलेल्या वाडग्यातला तो उकडलेला ग्योझा आला की थोरल्याला हाताला काम. तिथल्या पद्धतीप्रमाणे त्याच पाण्यात सोया आणि व्हिनेगर टाकून तो आपलं सूप आपणच करतो. बिअर नाही म्हणजे शेजारी कोणी चढलेला नाही. तुम्ही ज्याला शिस्त म्हणता, ती मुलांसाठी सोय आहे.

भाऊजी : ठीक आहे. त्या एका दुकानाचं मान्य. पण बाकीची? संध्याकाळचं माझं दुकान घ्या. तिथे बिअर आहे, बेसबॉलची मॅच लावलेली आहे, मोठ्याने हसणारी माणसं आहेत. दिवसभर ऑफिसात वाकून बोललेला माणूस तिथे पाठ टेकायला येतो.

वहिनी : तिथे मी नेणारच नाही. संध्याकाळचा काउंटर तुमचा. लिहून देते.

भाऊजी : लिहून द्या.

वहिनी : आणि धुराची भीती घालू नका. २०२० च्या एप्रिलपासून कायदाच बदलला. हॉटेलात आत सिगारेट बंद. जुन्या, छोट्या दुकानांना सवलत आहे, पण त्यांना दारावर पाटी लावावी लागते आणि तिथे वीस वर्षांखालच्या कोणालाही आत घेता येत नाही. म्हणजे पाटी दिसली की पुढे चालायला लागायचं. पूर्वी आत जाऊन खोकल्यावर कळायचं.

इथवर चहा झाला. दोघं एकमेकांना पटवून देण्याच्या पलीकडे गेले होते आणि आता जिंकायचं होतं. म्हणून भाऊजींनी इतिहास काढला.

भाऊजी : मुळात हे खाणं आलं कुठून? उत्सुनोमियात सैन्याच्या चौदाव्या डिव्हिजनचं ठाणं होतं. ती डिव्हिजन मांचुरियात गेली. युद्ध संपल्यावर तिकडून परतलेल्या माणसांनी तिथे खाल्लेली चिनी च्याओझ इथे करून विकायला सुरुवात केली, असं तिथे सांगतात. बेचिराख झालेल्या देशात, रस्त्याकडेच्या गाड्यांवर, भुकेल्या माणसांसाठी. पुढे कामगार, ड्रायव्हर, विद्यार्थी. स्वस्त, गरम, झटपट. एकट्या माणसाचं जेवण आहे ते, वहिनी. त्याला घरगुती करू नका.

वहिनी : मी करत नाही. ते घरगुतीच होतं. तुम्ही लोकांनी त्याला काउंटरवर बसवून एकट्याचं केलंत. उत्तर चीनमध्ये वर्ष संपायच्या रात्री अख्खं घर बसून च्याओझ करतं. आजी पारी लाटते, कोणी सारण भरतं, पोरं आपल्या वाकड्या-तिकड्या मुरडी घालतात. आपल्याकडे दिवाळीच्या आधी होतं तसंच. जे लोक मांचुरियात होते त्यांनी ते घरातल्या घरात होताना बघितलं असणार. आणि आता तीन वर्षांची पोर स्टुलावर चढली की तुम्हाला परंपरा बुडाल्यासारखं वाटतं!

माझ्या मते या डावात गुण वहिनीकडे. भाऊजींच्याही ते लक्षात आलं, कारण त्याने विषय आकड्यांवर नेला. आकडे त्याचा धंदा आहे.

भाऊजी : बरं, उत्सुनोमियाच का ग्योझाचं गाव? कारण सरकारचं कुटुंबाच्या खर्चाचं सर्वेक्षण असतं. त्यात घरटी ग्योझावर सर्वांत जास्त पैसा कुठे जातो ते निघतं. उत्सुनोमिया वर्षानुवर्षं पहिलं होतं. मग हामामात्सुने टक्कर दिली. २०२१ मध्ये मियाझाकीने दोघांनाही मागे टाकलं. टीव्हीवर निवडणुकीच्या निकालासारखं सांगतात. हे लोक ग्योझा मनापासून घेतात. ती काही खेळायची जागा नाही.

वहिनी : ते सर्वेक्षण मलाही माहीत आहे. थोरल्याच्या शाळेत त्याच्यावरून पोरं भांडतात. पण त्यात काय मोजतात ते सांगा ना. दुकानात बसून खाल्लेला ग्योझा त्यात धरत नाहीत. फ्रोझनही नाही. दुकानातून तयार विकत घेऊन घरी नेलेला, तेवढाच. म्हणजे तुमचं उत्सुनोमिया ज्याच्या जिवावर मिरवतं तो ग्योझा काउंटरवर खाल्लेला नाहीच. आई-बापांनी पिशवीतून घरी नेलेला, पोरांसोबत खाल्लेला आहे.

भाऊजी : झालं तर मग! तुमच्याच तोंडून निघालं. पोरं असलेल्यांनी पार्सल घ्यावं. घरी जाऊन फुंका, सांडा, गाणी म्हणा. मी हेच तर म्हणतोय.

आता गुण भाऊजींकडे. वहिनी क्षणभर गप्प झाली. ती गप्प झाली की आम्ही दोघंही जरा धास्तावतो.

वहिनी : पार्सल मी आणते. नेहमी आणते. पण डब्यात बंद केलेल्या ग्योझाचं काय होतं तुम्हाला चांगलं माहीत आहे. आतली वाफ तळाला लागते, खरपूसपणा अर्ध्या वाटेवर मेलेला असतो. कच्चा आणून घरी भाजला तर चांगला होतो. फ्रोझनचं पाकीट आणलं तर अजून सोपं. अजिनोमोतोचा १९७२ पासून विकला जातोय, आणि २०१२ पासूनच्या पाकिटाला तर पाणीही लागत नाही, तेलही नाही. तव्यावर ठेवा, झाकण टाका. होतो छान. पण घरी मी तव्याजवळ आणि ती दोघं टीव्हीजवळ. समोरच्या दुसऱ्या माणसांना पाहून शांत बसायचं असतं, हे घरी बसून कसं कळणार? थोरला पहिलीत गेला तेव्हा शाळेत पांढरा डगला आणि टोपी घालून वर्गाला जेवण वाढायला लागला. पहिल्या दिवशी ते सूप कसं वाढलं असेल त्याने! सांडलंच असणार. शाळेने त्याला म्हटलं का, आधी घरी नीट वाढायला शीक आणि मग ये?

भाऊजी : शाळा त्याच कामासाठी आहे. दुकान नाही.

वहिनी : दुकानाचं काम जेवू घालण्याचं आहे. आम्हीही पैसे देऊनच जेवतो.

इथे मला मध्ये बोलावंसं वाटलं, ते असं की पैसे दोघंही देतात, पण जागेची किंमत बशीत धरलेली नसते. साध्या ग्योझाच्या दुकानाचं गणितच खुर्ची किती वेळा रिकामी होते यावर चालतं. चार जणांचं कुटुंब अर्धा तास जास्त बसलं तर मालक हसून वाकेलही, पण त्याच्या गल्ल्याला ते कळतं. बोललो नाही. बोललो असतो तर दोघांनी मिळून मलाच धरलं असतं.

भाऊजी : आणि भाजण्याचं काय? मी अंगावर आलेल्या भाजण्याबद्दल बोलतोय. बाहेरून कोमट वाटतो, चावला की आतला रस उकळता. मोठ्या माणसांची जीभ सोलून निघते. फुकुओकात तर लोखंडी कढल्यासकट आणून समोर ठेवतात, तडतडत. तिथे न्याल?

वहिनी : तिथे नाही. ते तेत्सुनाबे प्रकरण पोरं मोठी होईपर्यंत बंद. पण फुकुओकातच एका घासाचा छोटा ग्योझाही मिळतो, ओसाकातही मिळतो. तो धाकटीच्या मापाचा. आणि मोठा आला तरी युक्ती आहे. आधी तिला पंख द्यायचा.

पंख म्हणजे ग्योझांना जोडणारी कुरकुरीत जाळी. मैद्याचं पातळ पाणी तव्यात ओतलं की ते आटून कागदासारखं होतं. तोक्योतल्या कामाता भागातल्या नी हाओ या दुकानाने १९८३ मध्ये हा प्रकार आणला, आणि तो आता फ्रोझन पाकिटातही शिरला आहे. आमची धाकटी पंख दोन बोटांत धरते, कानाशी नेते, मोडते, आणि मग खाते. हे ती प्रत्येक तुकड्याला करते.

वहिनी : पंख लगेच गार होतो. तो खाऊन होईस्तोवर मी ग्योझा छोट्या बशीत घेऊन चॉपस्टिकने आडवा फोडते, दोन अर्धुकं उताणी ठेवते. रस बशीत उतरतो, वाफ जाते. मग हिरवी पात वेचून काढायचा कार्यक्रम होतो. मग पारी खाल्ली जाते, सारण राहतं, ते तिचे बाबा खातात.

भाऊजी : म्हणजे पूर्ण ग्योझा कोणीच खात नाही.

वहिनी : थोरला खातो. हिशेबाने खातो. त्या दिवशी आपण पाच जण, तीन बशा, अठरा ग्योझा. प्रत्येकाला तीन दिले आणि तीन उरले. काय वाद घातला त्याने! म्हणे, तीन उरतात म्हणजे कोणाला तरी जास्त मिळणार, ते न्याय्य नाही, म्हणून अजून दोन बशा मागवा, मग प्रत्येकी बरोबर सहा होतात.

भाऊजी : हिशेब बरोबर होता.

वहिनी : आणि तुम्ही मागवल्यातही. मागे रांग होती, भाऊजी.

यावर भाऊजींनी बिस्किट उचललं. आता दोघं थोडे खाली आले आणि मला वाटतं खरं बोलणं इथून सुरू झालं. कारण पुढे जे निघालं ते तत्त्वाचं नव्हतं, वेळेचं होतं.

भाऊजी : माझं एवढंच ऐका. बाराच्या सुमारास जाऊ नका. अकराला उघडतं तेव्हा जा, किंवा दोननंतर जा.

वहिनी : अकरा. दोनला धाकटी झोपते.

भाऊजी : काउंटरवर चौघांनी बसू नका. टेबल असेल तर थांबा. आणि जिथे बूट काढून बसायची तातामीची जागा असेल ते दुकान आधी बघा. तिथे स्टूलच नाही, म्हणजे पडायलाही जागा नाही.

वहिनी : ती मी आधीपासूनच शोधते. सायकल आणि बाबागाडी बाहेर लावायला जागा आहे का तेही बघते. तुम्ही फक्त बिअर किती थंड आहे तेवढं बघता.

भाऊजी : ऑर्डर एका दमात द्या. खाऊन झालं की उठा. पाणी पीत बसू नका.

वहिनी : ते कबूल. आणि रायूची बाटली माझ्या डाव्या हाताला, हे मी न सांगता करते. पण तुम्हीही एक कबूल करा. पोर स्टुलावर चढली की तुम्ही जे तोंड करता ते करायचं नाही. शेजारचा माणूस परवडला. त्याच्यापेक्षा तुम्हीच जास्त शरमता.

भाऊजी काही बोलला नाही. माझ्या मते बायकोने दिवसभरात काढलेलं हे सर्वांत नेमकं वाक्य. परक्या देशात आपल्या माणसाचं पोर ओरडलं की आपल्यालाच घाम फुटतो, आणि मग ती काळजी आपण इथल्या लोकांच्या नावावर खपवतो. रांगेतल्या त्या ऑफिसवाल्याला खरंच किती त्रास होतो याचा हिशेब भाऊने कधी घेतलेला नाही. हे मी भावाला बोललो नाही; तो हा लेख वाचेल तेव्हा कळेलच.

अर्थात एक गोष्ट दोघंही चेन रेस्टॉरंटवर ढकलून मोकळे होऊ शकले असते. क्योतोत १९६७ मध्ये सुरू झालेलं ग्योझा नो ओशो आता देशभर आहे. टेबलं आहेत, भात आहे, काही पदार्थ छोट्या मापातही मिळतात. आत ऑर्डर ओरडून सांगतात, "ईगा कोतेरू", म्हणजे ग्योझाची एक बशी. थोरला ते घरी डाळभात वाढतानाही ओरडतो. वहिनीला ती जागा चालते. भाऊ मात्र नाक मुरडतो; त्याच्या लेखी काउंटरवर आचाऱ्याची पाठ दिसली नाही तर तो ग्योझा नाही. माझ्या मते चार जणांच्या कुटुंबाचं बहुतेक दिवशीचं उत्तर तेच आहे, पण त्यात वाद घालण्यासारखं काही नसल्यामुळे त्यावर दोन मिनिटंही कोणी थांबलं नाही.

मग भाऊजींनी शेवटचा बाण काढला, आणि तो खरोखर अवघड होता.

भाऊजी : दिवाळीत आई येतेय. तिला कुठे न्याल?

आई शाकाहारी. आम्ही दोघं भाऊ इथे आल्यावर बाटलो असं तिचं मत आहे आणि ते बरोबर आहे. भाजीचा ग्योझा काही दुकानांत मिळतो, पण भाजला जातो त्याच तव्यावर, कुठे कुठे तर डुकराच्या चरबीवर. आत काय काय आहे हे विचारायचं म्हटलं तर दुकानदार प्रामाणिकपणे सांगतात. पण ॲलर्जीच्या पदार्थांची छापील यादी कायद्याने बांधलेली आहे ती पाकीटबंद मालाला, हॉटेलातल्या बशीला नाही. म्हणून विचारल्याशिवाय काही कळत नाही, आणि विचारून कळलं की आई उठते.

वहिनी : आईंना दुकानात नेणार नाही. घरी करू. पारीचं पाकीट सुपरमार्केटात मिळतं. कोबी, शिताके, तोफू, आलं. तवा नवा काढू, म्हणजे त्यांच्या मनाला बरं.

भाऊजी : आई पारी हातात घेऊन म्हणेल, मैदा आहे का?

वहिनी : म्हणतील. आणि मग मुरड कशी घालायची ते आपल्याला शिकवतील. त्या दिवशी कोणाला बाहेर ग्योझा खायचाच असेल, तर तुम्ही जा. एका पोराला घेऊन. मला घरात एक पोर कमी चालेल.

भाऊजी : थोरल्याला नेईन. तो बसतो. धाकटीला अजून दोन वर्षं जाऊ देत.

वहिनी : थोरला नुसता मोजत बसतो. तवा कधी काढायचा ते धाकटीला कळतं. न्यायचं तर तिला न्या. अकराच्या आत.